विसावाघराची शांतता

तुम्ही कधी अशी हाक मारली आहे का, की समोरच्या माणसाला ती नीट ऐकू आली आणि तरीही त्याने मान वळवली नाही?

मारली नसेल तर देवाची कृपा. मारली असेल, तर ही गोष्ट ऐकताना तुमच्या अंगावर माझ्या आधीच काटा येईल. लहान मुलं शेजारी बसली असतील तर त्यांना जरा जवळ घ्या. गोष्ट भीतीची आहे, पण ती त्यांनीही ऐकायला हवी.

फार फार वर्षांपूर्वी, राज्यं लहान होती आणि नद्या मोठ्या होत्या तेव्हा, एका नदीकाठी एक नगर होतं. त्या नगरात एक रीत होती. ज्याचे केस पुरते पांढरे झाले आणि ज्याला घरी बघणारं कुणी उरलं नाही, त्याला वेशीबाहेरच्या विसावाघरात नेऊन ठेवत. तिथं डोक्यावर छप्पर होतं, दोन वेळचं अन्न होतं, निजायला बाज होती आणि नेसायला जाडंभरडं करडं लुगडं किंवा धोतर होतं.

फक्त वैद्य नव्हता. वैद्याचं औषध कामाच्या माणसांसाठी, असं नगराच्या पंचांनी ठरवलं होतं. “पिकल्या पानाला पाणी घातलं म्हणून ते हिरवं होतं का?” असं ते म्हणत. हे वाक्य पंचांना इतकं आवडायचं, की त्याच्या पुढे विचार करायची त्यांना कधी गरजच वाटली नाही.

विसावाघराची कारभारीण होती म्हाळसाबाई. तिच्या हनुवटीवर हिरवं गोंदण होतं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बाई दुष्ट नव्हती हो. ती आली तेव्हा त्या घरात पाऊल ठेववत नव्हतं, इतकी दुर्गंधी होती. तिनं कंबर कसली, घर धुऊन काढलं, भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. नव्या सेविकांना शिकवायचं कामही तिनंच अंगावर घेतलं. रोज सकाळी ती त्यांना ओळीनं उभं करायची आणि सांगायची,

“आपल्या हातांकडे बघा, त्यांच्या तोंडाकडे बघू नका. तोंडाकडे बघत बसलात तर दिवस मावळेल आणि बाजांची निम्मी ओळसुद्धा व्हायची नाही.

“ते बोलले तर उत्तर देऊ नका. एका बोलण्याला उत्तर दिलं की त्यातून दहा बोलणी निघतात.

“दुखतंय म्हणाले, जळतंय म्हणाले, भीती वाटते म्हणाले, तर एवढंच म्हणा, ‘वयाचं आहे.’ आणि पुढच्या बाजेकडे चला.

“रडत असतील तर रडू द्या. रडणं आपोआप थांबतं.”

पाण्याचे तांबे बाजेपाशी ठेवले तर सांडतात, अंथरुणं ओली होतात. म्हणून तिनं सगळे तांबे भिंतीला लावून ठेवायला सांगितले. घंटा झाली की पाणी. जे उठायला जातात आणि पडतात, त्यांचे हात बाजेला बांधायचे, पण मऊ फडक्यानं. हे मऊ फडकं तिच्याच डोक्यातून निघालं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. “बांधल्यासारखं वाटतसुद्धा नाही,” असं ती म्हणायची. तिला स्वतःला कधी कुणी बांधलं नव्हतं.

नावं लक्षात ठेवायला वेळ कुणाला? म्हणून माणसांना जागेवरून ओळखत. खिडकीची, दाराचा, खांबाची, कोपऱ्यातला.

आणि जे ऐकायचेच नाहीत, ओरडायचे, त्यांच्यासाठी मागची खोली होती. पूर्वी तिथं गवत भरून ठेवत. तिला खिडकी नव्हती.

नगरातून कुणी विसावाघर बघायला आलं की हमखास म्हणायचं, “किती शांत आहे हो इथं!” म्हाळसाबाईचा चेहरा फुलायचा. पण ते पाहुणे जरा वेळ थांबले असते, तर त्यांना दिसलं असतं, की ती माणसं झोपलेली नाहीत. डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत पडलेली आहेत. पावलं जवळ आली की ती अंग आखडून घेत. आता हात कुठून येईल, कूस बदलली जाईल, की तोंडात घास येईल, हे त्यांना आधी कुणी सांगत नसे.

खांबाजवळच्या बाजेवर गोजराआजी होती. ती बाजारात आयुष्यभर भाजी विकलेली, तोंडाची मोठी बोलकी. सुरुवातीला ती जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकीला हटकायची. “काय गं, आज वेणी नाही घातलीस ती?” “पेज आहे का पाणी, जरा सांगशील?” सेविकांना हसू यायचं, पण उत्तर द्यायचं नाही असं त्यांना शिकवलेलं होतं.

एकदा तिला उठवताना दोघींनी काखेत हात न घालता नुसतं मनगटाला धरून ओढलं. आजी सटकली आणि बाज आणि खांब यांच्या मधे पडली.

“मोडलं गं, आत काहीतरी मोडलं,” ती म्हणाली.

“वयाचं आहे,” सेविका म्हणाली.

“अगं, वय काय आत्ता झालं का? आत्ता तर मी पडले!”

हे खरं होतं. पण खऱ्या बोलण्यालाही उत्तर द्यायचं नव्हतं. आजी वेदनेनं ओरडत राहिली, तेव्हा तिला मागच्या खोलीत ठेवलं. बाहेर आली ती गोजराआजी वेगळीच होती. तिचा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि ती मुकी झाल्यासारखी झाली होती. बोलता येत होतं, पण ती बोलायची नाही. मागच्या खोलीचं दार वाऱ्यानं जरी करकरलं, तरी ती पदर तोंडावर ओढून घ्यायची.

असं ते घर शांत होतं.

पाऊसकाळ सरला की भिंतींवर ओल चढायची आणि म्हाळसाबाई चुना लावायला घ्यायची. चुना कालवायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नसे. कुणाचं काम तिला पसंतच पडत नव्हतं. त्या दिवशी दुपारी सेविका पंगतीच्या उष्ट्या भांड्यांत गुंतल्या होत्या. म्हाळसाबाईनं आपलं चांगलं लुगडं, बांगड्या आणि किल्ल्यांचा जुडगा काढून खोलीत ठेवला. चुन्यानं खराब झालं तरी चालेल म्हणून विसावाघरातलंच एक करडं लुगडं नेसली आणि मागच्या अंगणात गेली.

घंगाळात कळीचा चुना होता. तिनं त्यावर पाणी ओतलं. कळीचा चुना पाणी प्यायला की खदखदतो, उकळतो. तो निवेपर्यंत लांब उभं राहायचं असतं. तिला हे पक्कं ठाऊक होतं. पण ऊन कलायच्या आत एक भिंत व्हायला हवी होती. ती काठी घेऊन वाकली आणि तळाशी अडकलेलं एक ढेकूळ तिनं फोडलं.

ढेकूळ फुटलं आणि उकळता चुना उसळून तिच्या तोंडावर आला. डोळ्यांत गेला, केसांत गेला, ओरडायला उघडलेल्या तोंडात गेला. ती मागे सरली, पाय घसरला आणि डोकं फरशीवर आपटलं.

थोड्या वेळानं भांडी घासून दोघी सेविका अंगणात आल्या. एक ठमा, सदा हसणारी. दुसरी हौसा, म्हाळसाबाईची सगळ्यात हुशार शिष्या. हौसा कधी कुणाला उत्तर देत नसे, कधी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. तिची ओळ सगळ्यांच्या आधी व्हायची.

“अगं बाई, ही बघ कोण बाहेर आलीये!” ठमा म्हणाली. “चुन्यात लोळलीय नुसती!”

“कुठली गं ही?”

“खिडकीची असेल. सकाळी तिची बाज रिकामी होती.”

खिडकीची बाज रिकामी होती, कारण तिथली म्हातारी आदल्या दिवशीच वारली होती. तिला उचलून नेणारे वेगळे होते. आणि तिचा चेहरा या दोघींनी कधी पाहिलेलाच नव्हता, मग ही ती नव्हे हे त्यांना कसं कळणार?

म्हाळसाबाईला त्यांचे आवाज ओळखू आले. तिला हायसं वाटलं. “मी... मी म्हाळसा...” घसा भाजलेला, शब्द ओळखू न येणाऱ्या घोगऱ्या आवाजात निघाले. “डोळे... पाणी आणा...”

“ऐकलंस का?” ठमा फिसकन हसली. “दाराचा म्हातारा काल म्हणे, मी किल्लेदार. आज ही म्हाळसाबाई. उद्या एखादी राणी निघायची! बाईंना सांगू या, हसून हसून पडतील.”

हौसाही हसली. “चल, उचल. आणि मऊ फडकं आण. उठणारीला आधी बांधायचं.”

“तोंड तरी पुसायचं का गं हिचं?”

“अंघोळीची वेळ सकाळची. अवेळी पाणी काढलं तर बाई रागावतील.”

त्यांनी तिला आत नेलं, खिडकीच्या बाजेवर टाकलं आणि दोन्ही हात बाजेला बांधले. मऊ फडक्यानं.

मुलांनो, काय झालं ते समजून घ्या. म्हाळसाबाईच्या डोळ्यांत आग होती आणि तिला डोळे चोळता येत नव्हते, पुसता येत नव्हते. तिनं हात ओढला. फडकं मऊ होतं आणि गाठ पक्की होती. ती गाठ कशी मारायची, हे तिनंच हौसाला शिकवलं होतं.

“पाणी! कुणी आहे का? डोळे जळतायत!”

पावलं आली. जवळ आली. “वयाचं आहे,” एक तरुण आवाज म्हणाला आणि पावलं पुढे गेली.

ती पुन्हा ओरडली. पुन्हा पावलं आली. या वेळी बोलणंच नाही. अचानक एक हात तिच्या जबड्यावर पडला आणि पेजेची पळी दातांवर आपटली. पेज घशात गेली. तिला ठसका लागला, श्वास कोंडला, तोवर दुसरी पळी आली. दिसत नव्हतं. कुणी सांगत नव्हतं. पुढची पळी कधी येईल, हे कळत नव्हतं. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं, तर वरून ठमाचा आवाज आला, “ही जेवत नाही गं. राहू दे. वयाचं आहे.”

मग कुणीच आलं नाही.

रडणं आपोआप थांबतं, असं ती शिकवायची. आता तिला कळलं, ते कसं थांबतं. आवाज संपतो म्हणून थांबतं. आत सगळं चालूच राहतं. तिला वाटलं, मी इथंच मरेन, आणि माझ्याच घरात, माझ्याच माणसांना कळणारसुद्धा नाही कोण मेलं ते.

“हाका मारू नका,” शेजारून कुणीतरी कुजबुजलं. “हाकेनं पावलं लांब जातात.”

“कोण?”

“खांबाची.”

म्हाळसाबाईला दुसरं नाव ठाऊक नव्हतं.

“डोळ्यांत काय गेलंय?”

“चुना. कळीचा.”

शेजारची बाज गप्प झाली. बराच वेळ गप्प राहिली. मग बाजेची सुंभं करकरली आणि काहीतरी जड जमिनीवर आपटलं. पाठोपाठ दाबून धरलेला कण्हण्याचा आवाज आला.

गोजराआजी बाजेवरून खाली उतरली होती. तिला उभं राहता येत नव्हतं. ती कोपरांवर भार देत, वाकडा पाय ओढत, भिंतीकडे सरकत होती, तांब्यांकडे. थोडं सरकायची, थांबायची, पदर दातांत धरायची, पुन्हा सरकायची. सगळ्या बाजांवरची माणसं माना वळवून बघत होती. कुणी आवाज केला नाही. आवाज केला तर काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

तिचा हात तांब्याला लागणार, एवढ्यात हौसा आत आली.

“खांबाची! खाली कशी आलीस? चल, बाजेवर चल.”

“हौसा, ही तुमची थोरली आहे गं,” गोजराआजी म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. “म्हाळसाबाई आहे ही. डोळ्यांत कळीचा चुना गेलाय. पाणी ओत, नाहीतर डोळे जातील तिचे.”

हौसानं उत्तर दिलं नाही. तिनं आजीला काखेत धरून उचललं आणि मागे ओढत आणलं.

“अगं, एकदा तोंड तर बघ तिचं!”

“मागच्या खोलीत जायचंय का परत?” हौसा म्हणाली.

आजीच्या अंगातून कंप निघाला. ती खोली तिला दिसली असणार, तो अंधार, तो कुजलेल्या गवताचा कुबट वास. तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, “ने. नक्की ने. मी आपणहून येते.”

आणि तिनं हौसाचा हात पकडला, खिडकीच्या बाजेकडे ओढला आणि म्हाळसाबाईच्या ओल्या, चुन्यानं थबथबलेल्या केसांत दाबून धरला.

दिवसभर राखेनं भांडी घासून हौसाच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. चुना भेगांत शिरला.

“आई गं!” हौसा किंचाळली. “जळतंय! जळतंय, सोड!”

गोजराआजीनं डोळे उघडले आणि अगदी हळू म्हणाली, “वयाचं असेल, बाळ.”

दाराशी बसलेला म्हातारा एकदम खो खो हसला. मग स्वतःच्याच हसण्याला दचकून गप्प झाला.

किंचाळी ऐकून ठमाही धावत आत आली. हौसा उभीच राहिली. तिनं आपल्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. नुसत्या बोटांना एवढं होतंय, तर डोळ्यांत... तिची नजर वर सरकली. विसावाघरात आल्यापासून पहिल्यांदा तिनं बाजेवरच्या माणसाचा चेहरा पाहिला. चुन्याचा थर ओठांखाली तडकला होता, आणि त्या तडकलेल्या जागी हनुवटीवरचं हिरवं गोंदण दिसत होतं. रोज सकाळी शिकवताना तेच गोंदण हलताना तिनं पाहिलेलं होतं.

“बाई?” ती खाली वाकली. “बाई, तुम्ही?”

“बोलणं नंतर,” गोजराआजी ओरडली. “आधी पाणी! धार धर डोळ्यांवर. ठमा, अगं उभी काय राहिलीस, वैद्याकडे पळ!”

हौसानं गाठी सोडल्या, तांब्यामागून तांबा ओतला. ठमा अनवाणी धावत नगरात गेली. वैद्यांच्या दाराशी त्यांच्या गड्यानं तिला अडवलं. “विसावाघरातून? वैद्यबुवा तिकडे येत नाहीत, माहीत नाही का?” “अरे, म्हाळसाबाईंसाठी!” हे ऐकल्याबरोबर वैद्यबुवा ताटावरून उठले आणि पायांत वहाणासुद्धा न घालता आले.

त्यांनी डोळे तपासले, पुन्हा धुतले, औषध घातलं, पट्टी बांधली. मग मान हलवून म्हणाले, “पाणी ओतलं म्हणून थोडी आशा आहे. पण फार उशिरा ओतलं. बाजेपाशी तांबे नव्हते का?”

“नव्हते,” हौसा म्हणाली. “तांबे भिंतीपाशी असतात.”

“हा शहाणपणा कुणाचा?”

हौसानं खाली मान घातली. ठमा भिंतीकडे बघत राहिली.

“माझा,” पट्टीखालून म्हाळसाबाई म्हणाली. आणि मग, “वैद्यबुवा, जाताना या शेजारच्या बाईंचा पाय बघा.”

“त्या विसावाघरातल्या ना? पंचांचा नियम...”

“मग मला कुठल्या नियमानं तपासलंत? माझे केससुद्धा आज पांढरेच आहेत. लुगडंही त्यांचंच आहे.”

वैद्यबुवा ओशाळले. ते गोजराआजीच्या बाजेवर बसले. पाय दाबून पाहिला, वळवून पाहिला. आजी ओठ चावून गप्प बसली.

“ओरडा, आजी. दुखलं तर ओरडा,” वैद्य म्हणाले. “त्याशिवाय मला कसं कळणार कुठं दुखतंय ते?”

आजीनं आधी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग ती ओरडली.

“खुब्याचं हाड मोडलं होतं,” वैद्यांनी हात पुसत सांगितलं. “पडल्याबरोबर मला बोलावलं असतं, तर बांधून ठेवलं असतं. काठीनं चालल्या असत्या. आता ते वाकडंच जुळून गेलंय. लेप देतो, दुखणं कमी होईल. पाय सरळ व्हायचा नाही.”

म्हाळसाबाईनं ते ऐकलं. तिला रडू आलं, पण पट्टीखाली रडणंही जळत होतं.

संध्याकाळ झाली. हौसानं दिवा लावला. म्हाळसाबाई आणि गोजराआजी आपापल्या बाजेवर पडून होत्या.

“तुमचं नाव काय?” म्हाळसाबाईनं विचारलं.

“गोजरा.”

“गोजराबाई, तुम्ही मला कधी ओळखलंत?”

“पहिल्या हाकेलाच. आवाज भाजला होता, पण तोरा तोच होता.”

म्हाळसाबाई क्षणभर हसली आणि पुन्हा गंभीर झाली. “मी तुम्हाला त्या खोलीत कोंडलं होतं.”

“हो. म्हणून तर मी बाजेवर गप्प पडून राहिले ना मघाशी. मनात आलं, पडू दे जरा. कळू दे हिला. खोटं कशाला सांगू?”

“मग खाली का उतरलात?”

“तुम्ही म्हणालात ना, डोळे जळतायत म्हणून,” गोजराआजी म्हणाली. “जळतंय म्हणणाऱ्या माणसाला आधी तू कोण, असं विचारायचं असतं का?”

जरा वेळानं म्हाळसाबाई म्हणाली, “माझ्या मुलींना तुम्ही शिकवाल? कसं धरलं की दुखत नाही, घास देताना किती थांबायचं, ते सगळं?”

“मला माझं ठाऊक. दारापाशी बसतात त्या अण्णांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून ते दचकतात. त्यांचं ते सांगतील. कोपऱ्यातल्या दादांना बसवून भरवलं नाही तर ठसका लागतो. त्यांचं ते सांगतील. प्रत्येकाला विचारावं लागेल बाई. वेळ लागेल.”

“लागू दे.” मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, “गोजराबाई, मला भीती वाटते. मी बरी झाले, पुन्हा किल्ल्या कमरेला लागल्या, कामाची घाई आली, आणि मी पुन्हा तशीच वागायला लागले तर?”

“मलाही तीच भीती वाटते,” गोजराआजी म्हणाली. “तुमची तुम्ही जवळ ठेवा. माझी मी ठेवते. दोघींपैकी एकीला तरी वेळेवर आठवेल.”

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, वैद्यबुवा त्या दिवसापासून विसावाघरात यायला लागले. पंचांना नियम बदलायला पुष्कळ वेळ लागला. एकेका पंचाचे केस पांढरे व्हायला लागले, तेव्हा कुठे तो बदलला. तोवर किती जणांची हाडं वाकडी जुळली, ते कुणी मोजलं नाही.

या गोष्टीचा बोध एवढाच: जो म्हाताऱ्या माणसाचं दुखणं वयावर ढकलतो, तो आपल्या म्हातारपणासाठी तीच बाज विणून ठेवतो.

आणि त्या चुन्याच्या दिवसाच्या दुसऱ्याच सकाळी वैद्यांनी पट्टी सोडली. म्हाळसाबाईला उजव्या डोळ्यानं दिसलं, डाव्या डोळ्यानं पुन्हा कधीच दिसलं नाही. मग सगळ्या सेविका गोजराआजीच्या बाजेभोवती जमिनीवर बसल्या, म्हाळसाबाईही त्यांच्यात खाली बसली, आणि आजी बोलायला लागली.